बॉक्सर कुत्रा : निवड आणि संगोपन

(ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घराची राखण करावयास आणि मुलांना सोबती म्हणून बॉक्सर कुत्रा कसा, अशी विचारणा आम्हा पशुवैद्यकांकडे वारंवार होत असते. विचारणाऱ्याने पिलाच्या किमतीची चौकशी बहुधा आधीच केलेली असते. मात्र वैशाखातील भर दुपारी ते पिलू कोठे बसेल, याचा विचार क्वचितच झालेला असतो. आपल्या गोव्यात तरी पहिला प्रश्न हाच असावयास हवा.

ही जात मूळची जर्मनीतील. रानडुकरासारखी मोठी शिकार जबड्यात घट्ट धरून ठेवणारे ‘बुलेनबायसर’ नावाचे कुत्रे तेथे पाळले जात. त्यांचा इंग्लिश बुलडॉगशी संकर होऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉक्सर आकारास आला व १८९५ साली म्युनिकच्या प्रदर्शनात तो मांडला गेला. त्याचा आखूड, बसका चेहरा हा त्या पूर्वजांचा वारसा होय, आणि आपल्या हवेत तोच त्याच्या जिवावर बेततो.

कारण असे की, कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून तो धापा टाकतो, तेव्हा नाकातोंडातील ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन त्याचे शरीर थंड होते. लांब नाकाच्या कुत्र्याला त्यासाठी पुरेशी जागा असते. बॉक्सरला ती अपुरी पडते. त्यातच हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावते. म्हणून पारा ३३ अंशांवर असतानाही पत्र्याच्या छपराखाली बांधलेला बॉक्सर उष्माघाताने दगावू शकतो. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की प्राण धोक्यात आला असे समजावे. थांबता न थांबणारी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही लक्षणे दिसताच त्याला सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतीत राहावे, पंख्याने वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. वाटेतही अंग ओले ठेवावे. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये.

सारांश, बॉक्सर हा अंगणात साखळीने बांधण्याचा कुत्रा नव्हे. त्याला घरात, माणसांत, गार लादीवर जागा हवी. फिरावयास न्यावे ते सूर्योदयापूर्वी किंवा दिवस मावळल्यावर. पण न्यावे मात्र रोज. एकटा व बांधलेला बॉक्सर भुंकत राहतो, हाती लागेल ते कुरतडतो, आणि मग “कुत्रा वाईट निघाला” असे म्हणून तो कोणाच्या तरी गळ्यात बांधला जातो. यात दोष कुत्र्याचा नसतो.

स्वभावाने तो लाघवी आणि मुलांत रमणारा. पुढचे पाय उचलून ठोसे दिल्यासारखा तो खेळतो. त्याचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पण तीस किलोंच्या आसपास वजनाचे हे जनावर वयाची दोन-तीन वर्षे उलटली तरी पिलासारखेच बागडत असते. त्याच्या प्रेमळ धडकेने आजी पडू शकते! लहान मूल आणि कोणताही कुत्रा यांना एकटे सोडू नये, हा नियम येथेही पाळावा.

पिलू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. निवडताना त्याची आई अवश्य पाहावी. पिलाच्या नाकपुड्या मोकळ्या असाव्यात. स्वस्थ बसलेले असताना ते घोरल्यासारखा श्वास घेत असेल तर घेऊ नये. पांढऱ्या पिलांत बहिरेपणा अधिक आढळतो. म्हणून पाठीमागून टाळी वाजवून पाहावी. या जातीत हृदयविकार व कर्करोगाच्या गाठी यांचे प्रमाण जास्त असल्याने आईबापांच्या हृदयाची तपासणी झाली आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये. पुढेही कातडीवर गाठ दिसली तर ती लहान आहे म्हणून थांबू नये. बॉक्सरचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. तेवढ्या काळाचा खर्च आधीच मनात धरावा.

पावसाळ्यात चेहऱ्याच्या घड्या रोज कोरड्या पुसाव्यात आणि कानामागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत; त्यांच्यापासून रक्ताचे घातक रोग जडतात. गोवा २०२१ साली रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला, म्हणून लस टाळता येते असे मात्र नाही. तीन महिने पूर्ण होताच पहिली लस, आणि पुढे पशुवैद्यक सांगेल त्या तारखेस.

ज्यांचे घर दिवसभर बंद असते, त्यांना बॉक्सर घेऊ नका असे मी स्पष्ट सांगतो. ज्यांना अंगणात वावरणारा राखणदार हवा, त्यांनी आपल्याच वाड्यावरचे एखादे गावठी पिलू आणावे. त्याचे नाक लांब असते, येथील ऊन त्याला सोसते, आणि दवाखान्यात आणल्यास आम्ही त्यालाही तीच लस टोचतो.