दम्याचा पंप : सवय नव्हे, संरक्षण

दमा म्हटला की धापा टाकणारा रुग्ण डोळ्यांपुढे येतो. परंतु धाप ही ह्या विकाराची केवळ दिसणारी बाजू होय. रुग्ण वरकरणी बरा असतानाही त्याच्या श्वासनलिकांना आतून सूज असू शकते. धूळ, धूर वा सर्दीचे निमित्त होताच त्या आकसतात आणि श्वास कोंडतो.

सालब्युटामॉलसारखे औषध आकसलेली नलिका तात्काळ मोकळी करते. सूज मात्र तशीच राहते. ती उतरविण्याचे काम बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड यांसारखी श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइडे करतात. त्यांचा पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात. म्हणून डॉक्टरांनी ती रोज घेण्यास सांगितली असल्यास धाप नसतानाही घ्यावयाची असतात. 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली प्रौढांसाठी व किशोरांसाठी स्पष्ट केले की, केवळ सालब्युटामॉलवर दम्याचे उपचार करू नयेत.

तरीही 'पंपाची सवय लागते' ह्या समजापायी बरे वाटताच औषध सोडले जाते आणि पुढचा झटका जिवावर बेततो. वस्तुतः ह्या औषधाचे व्यसन लागत नाही. ब्युडेसोनाइडची प्रौढांसाठीची अल्प मात्रा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. औषध थेट श्वासनलिकांत पोहोचत असल्याने एवढ्याशा मात्रेत काम भागते. उलट पंपाला भिणारी माणसे नाव-पत्ता नसलेल्या पुड्या निःशंकपणे घेतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि त्याची मात्रा कोणासच ठाऊक नसते.

पंपही सर्वथा निर्दोष आहे असे नव्हे. तोंडात पांढरी बुरशी येणे, आवाज बसणे हे त्रास संभवतात. औषध घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर जोडल्यास घशात औषध कमी साचते. मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास अधिक दुष्परिणाम होऊ शकतात. मुलांच्या उंचीवर अल्पसा, साधारण एक सेंटिमीटरचा, परिणाम होऊ शकतो. म्हणून गुण येईल अशी कमीत कमी मात्रा डॉक्टरांनी ठरवावी आणि वेळोवेळी तपासावी. आपल्या मनाने ती वाढवू नये वा बंद करू नये. पंप वापरण्याची रीतही त्यांच्यासमोर करून दाखवावी. रीत चुकली तर उत्तम औषधही वाया जाते.

शिक्षकांनी वर्गातील दमेकरी मुलाचा तातडीचा पंप त्याच्या हाताशी राहील असे पाहावे. विकार आटोक्यात असल्यास त्याला खेळापासून दूर ठेवू नये. वाक्य पुरे करण्याइतकाही श्वास पुरत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर तातडीचे औषध देत त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढीच गोष्ट पुनःपुन्हा सांगावी : पंप ही लपविण्याची वस्तू नव्हे. घरोघरी हा संकोच गेला, तर अनेक मुलांच्या रात्री सुखाच्या होतील.