रंगीत पिल्लू घरी आले तर



आज आम्ही कोंबडीच्या पिल्लांविषयी बोलणार आहोत. कोंबड्यांचा धंदा कसा करावा, त्यासाठी कर्ज कसे काढावे, हा आजचा विषय नाही. पोरांच्या हौसेखातर घरात दोन-चार पिल्ले आणली, तर ती जगवायची कशी, एवढेच सांगायचे आहे.

आठवड्याच्या बाजारात तुम्ही पाहिलेच असेल. एक माणूस पाटी घेऊन बसतो. पाटीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले चिवचिव करतात. पोर हट्ट धरते. बाप खिशात हात घालतो. पोर पिल्लाला छातीशी धरून घरी आणते, दिवसभर हातातून खाली ठेवत नाही. आणि तिसऱ्या दिवशी शाळेत येऊन सांगते, "मास्तर, पिलू मरी गयं." आम्ही शाळेत होतो तेव्हा हे वाक्य दरवर्षी ऐकले. घरात कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते रंग बाधला. बहुतेक वेळा खरे कारण निराळेच असते. पिल्लू थंडीने गारठून मेलेले असते.

ही पिल्ले येतात कुठून, ते आधी ऐका. मोठ्या हॅचरीत यंत्रावर अंडी उबवतात. एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात. त्यांत अर्धे नर, अर्ध्या माद्या. अंड्यांसाठी जी जात पाळतात, तिच्या नराचा हॅचरीला उपयोग नाही. तो अंडी देत नाही, आणि अंगावर मांसही लवकर चढत नाही. एका दिवसाच्या पिल्लातला नर कसा ओळखायचा, ही विद्या जपानी लोकांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी शोधून काढली. तेव्हापासून पहिल्याच दिवशी निवडानिवड होते. नको असलेले बहुतेक नर तिथेच मारून टाकतात. काही रंगवून बाजारात येतात. म्हणून ते स्वस्त.

तेव्हा रंगीत पिल्लू घेताना मनाशी पक्के समजा, ही अंडी देणारी कोंबडी नव्हे, हा कोंबडा आहे. अंडी हवी असतील तर शेजाऱ्याच्या गावरान कोंबडीची पिल्ले घ्या. नाहीतर गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची घ्या. गिरिराज बंगळूरची, वनराज हैदराबादची. परसात फिरून खाणाऱ्या या जाती आहेत. आणि एकटे पिल्लू आणू नका. ही कळपाची जात आहे. एकटे पिल्लू रडून रडून अर्धे होते. तीन-चार तरी आणा.

आता मुख्य गोष्ट. ऊब.

पिल्लाच्या अंगावर लव असते, पीस नसते. लवेने अंग गरम राहत नाही. कोंबडी पंखाखाली घेते म्हणून तिची पिल्ले जगतात. तुमच्या पिल्लाला आई नाही, तेव्हा आईचे हे काम तुमच्यावर आले. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती ३५ अंश उष्णता लागते. होळीच्या सुमारास दुपारी सावलीत जेवढा उकाडा असतो, साधारण तेवढी. पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत जा. चार-पाच आठवड्यांत पिसे आली की ऊब लागत नाही.

पुठ्ठ्याचे मोठे खोके घ्या. तळाशी गोणपाट अंथरा. नुसता गुळगुळीत कागद घालू नका, पाय घसरून फाकतात आणि पिल्लू लंगडे होते. दोन दिवसांनी भुईमुगाची टरफले किंवा भाताचे तूस दोन बोटे जाड पसरा. वर साठ वॅटचा बल्ब टांगा. पण इथे एक नवी अडचण झाली आहे. हल्लीचे एलईडी दिवे लख्ख उजेड देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. तारेचा जुना पिवळा बल्बच हवा. दुकानदाराला तसे सांगून मागा. बल्ब खोक्याला किंवा कापडाला टेकू देऊ नका, आग लागेल.

वीज गेली तर? ती जाणारच. बाटलीत किंवा तांब्यात गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा, वरून गोधडी अर्धी टाका. पाणी निवले की बदला. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत ठेवू नका. तिच्या धुराने, आणि धूर दिसत नसला तरी तिच्या विषारी वायूने, पिल्लेच काय, माणसेही मेली आहेत.

उष्णता मोजायला यंत्र नसले तरी चालते. पिल्लांकडे बघा. सगळी बल्बखाली एकावर एक चढून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. खोकेभर पसरून खात-पीत, झोपत असतील तर ठीक. वैशाखात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा दिवसा बल्ब लावलात तर पिल्ले भाजून निघतील. तेव्हा ओले गोणपाट आणि वारा हवा. नवशिक्याने म्हणूनच कडक उन्हाळ्यात आणि पौषातल्या थंडीत पिल्ले आणू नयेत.

यापेक्षा सोपा उपाय तुमच्या घरीच असेल. कोंबडी खुडूक बसली आहे का? मग रात्री, अंधारात, तिच्याखालची अंडी काढून ही एक-दोन दिवसांची पिल्ले हळूच सरकवा. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. रंग गुलाबी असो की हिरवा, तिचे काही अडत नाही. ऊब तीच देते, टिपायला तीच शिकवते, घार आली की पंखाखाली तीच घेते. पिल्ले आठवड्याची झाली असतील तर मात्र ती बहुधा टोचून हाकलते. पहिल्या दिवशी नजर ठेवा.

पाणी उथळ बशीत द्या आणि बशीत चार गोटे टाका, म्हणजे पिल्लू बुडत नाही. लांबून आलेल्या पिल्लाला पहिल्या दिवशी थोडा गूळ घातलेले पाणी द्या. खायला बाजारात पिल्लांचे तयार खाद्य मिळते, पहिला महिना तेच उत्तम. ते परवडत नसेल तर मक्याचा बारीक भरडा, ज्वारीची कणी, त्यात शेंगदाण्याची पेंड. पेंडीबद्दल दोन गोष्टी ध्यानात धरा. सरकीची पेंड गुरांना चालते, पिल्लांना घालू नका, तिच्यात कोंबड्यांना अपायकारक द्रव्य असते. आणि शेंगदाण्याची पेंड बुरसटलेली नको. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. शोध केला तेव्हा कळले, बाहेरून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीत विष होते. पेंडीला कुबट वास आला की उकिरड्यावर टाका. हात आखडू नका.

आता रोगराई. कोंबड्यांची मानमोडी तुम्हाला ठाऊक आहे. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि चार दिवसांत खुराडे रिकामे होते. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. हिमालयातल्या राणीखेत गावाचे नाव तिला पडले. रोग झाल्यावर औषध नाही. आधी लस टोचली किंवा पाजली तरच बचाव. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लसीचा एक थेंब टाकतात. पुढच्या मात्रा कधी, ते गुरांच्या दवाखान्यात सांगतात. पण एका बाटलीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांची लस असते, आणि एकदा कालवली की ती लवकर वापरावी लागते. चार पिल्लांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवावा. तुम्ही आता लिहायला शिकलात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पिल्ले आणल्याची तारीख लिहा, सातव्या दिवसाभोवती गोल काढा. लसीच्या बाटलीवर आणि खाद्याच्या पिशवीवर मुदत छापलेली असते, ती स्वतः वाचा.

बर्ड फ्लूचे नाव ऐकले की लोक घाबरतात किंवा हसतात. दोन्ही नको. भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्या खानदेशातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यात काही गावी घरच्या कोंबड्यांत तो निघाला. ती फार्मवरची जनावरे नव्हती, आयाबायांच्या अंगणातली होती. २०२१ साली नवापूरला तो पुन्हा आला. त्याच वर्षी दिल्लीच्या रुग्णालयात एका मुलाचा या रोगाने मृत्यू झाला. तेव्हा एकदम दोन-चार पक्षी मेले तर उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यापुढे टाकू नका, गिरणेच्या पात्रात फेकू नका. पोरांना लांब ठेवा आणि दवाखान्यात कळवा. एरवीसुद्धा पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवायची सवय पोरांना लावा. पिल्लाचा मुका घेऊ देऊ नका, विशेषतः पाच वर्षांखालच्या लेकरांना. पिल्लू निरोगी दिसले तरी त्याच्या विष्ठेतले जंतू पोटात जाऊन हगवण लागते.

अंथरूण ओले राहिले की रक्ताची हगवण लागते. टरफले ओली दिसली की तेवढी काढून कोरडी टाका. रात्री खोक्यावर जाळी घाला. बोका, मुंगूस आणि घूस, तिघेही पिल्लांच्या टपावर असतात.

आणखी एक बोलायचे आहे. ते पिल्लांचे नव्हे, पोरांचे.

रंग थोड्याच आठवड्यांत जातो. लव गळते, खाली बहुधा पांढरी पिसे येतात. पोर विचारते, गुलाबी कुठे गेले? तिथपर्यंत मजा आहे. पण चार-पाच महिन्यांनी ते आरवू लागते, अंगणात कोंबडे होते, आणि एके दिवशी पाहुणे येतात. चौथीतल्या एका मुलीने तिच्या कोंबड्याला नाव ठेवले होते. तो तिच्या हाकेला यायचा. शाळेतून ती घरी आली तेव्हा तो हंडीत होता. घरच्यांनी कोणता गुन्हा केला असे आम्ही म्हणत नाही, कोंबडा खाण्यासाठीच पाळतात. पण त्या मुलीला कोणी आधी सांगितलेच नव्हते. आठ दिवस ती घरात कोणाशी बोलली नाही.

म्हणून पिल्लू आणाल त्याच दिवशी घरात ठरवा. हा खाण्यासाठी की पाळण्यासाठी? खाण्यासाठी असेल तर पोराला तोंडावर सांगा. पाळण्यासाठी असेल तर पाहुणे आले, नवस आला, तरी शब्द फिरवू नका. आणि मोठा झाल्यावर दोन कोंबडे एका अंगणात भांडतात, रक्तबंबाळ करतात. जास्तीचे कोणाला द्यायचे तेही तेव्हाच बोलून ठेवा. पोराला कामही वाटून द्या. सकाळी पाणी बदलणे एकाचे, अंथरूण बघणे दुसऱ्याचे. पिल्लू दिवसभर हातात धरून ठेवणे हे काम नव्हे. थोडा वेळ, जमिनीवर बसून, दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावे आणि परत उबेत सोडावे.

आता ज्यांच्या घरी या महिन्यात पिल्ले आली आहेत त्यांनी इथे वहीत आपले नाव आणि पिल्लांची संख्या लिहावी. स्वतःच्या हाताने लिहा, अक्षर वाकडे आले तरी चालेल. शंभराच्या जवळ आकडा गेला की लसीचा दिवस ठरवू.