शरदचं काय चुकलं?

आज चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाबद्दल बोलायचंय. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला.

शरद नेरुळकर मुंबईत ख्यालगायन शिकतो. पोटासाठी जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम करतो, आजारी गुरुजींची सेवा करतो आणि रात्री सुनसान रस्त्यांवरून मोटरसायकल चालवताना कानात माईंची भाषणं ऐकतो. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः गायक आहेत, त्यामुळे गाणं कुठंही उसनं वाटत नाही.

मी इंदूरला बारा वर्षं गाणं शिकलो. एका स्पर्धेत हरलो आणि तानपुरा गवसणीत गेला, तो गेलाच. 'माझा रियाज कमी पडला' असं मी कित्येक वर्षं स्वतःला बजावत आलो. पण शरदचा रियाज कमी नाही, निष्ठाही कमी नाही. तरी त्याला हवं ते गळ्यातून येत नाही. यात दोष कुणाचा? चित्रपट कुणालाच दोषी ठरवत नाही. शेवटी लोकलमध्ये एक जण गात जातो आणि शरद बायको-मुलीसोबत नुसता बसलेला असतो.

हे बघून मला रडू आलं, आणि हलकंही वाटलं.

परवा गवसणी काढली. गंजलेल्या तारा बदलल्या आणि सा लावला. ऐकायला कुणीच नव्हतं. तरी तासभर बसलो.