न्यायासनाची वाट
(वसतिगृहांतील विद्यार्थ्यांपुढें झालेलें भाषण)



सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास मोठें घराणें लागतें, असें आमचीं पुष्कळ माणसें समजतात. हा समज आज आम्हांस दूर करावयाचा आहे.

राज्यघटनेचें 124 वें कलम वाचा. माणूस भारताचा नागरिक असावा. शिवाय तो उच्च न्यायालयांत निदान 5 वर्षें न्यायाधीश, किंवा निदान 10 वर्षें वकील, अथवा राष्ट्रपतींच्या मतें नामांकित कायदेपंडित असावा. एवढेंच! त्यांत जात नाहीं, कुळ नाहीं, इस्टेट नाहीं. ज्या देशांत न्याय सांगण्याचा अधिकार जन्मावर ठरे, तेथें हा पालट लहान नव्हे.

मग तें आसन सर्वांस सारखेंच जवळ आहे काय? नाहीं. न्यायालय 1950 सालीं सुरू झालें. तेथें पहिले दलित न्यायाधीश, ए. वरदराजन, 1980 सालीं बसले आणि पहिल्या स्त्री न्यायाधीश, फातिमा बीवी, 1989 सालीं. कलम तर पहिल्या दिवसापासून तेंच होतें!

अडचण त्या वकिलीच्या वर्षांत आहे. अमरावतीचे भूषण गवई 2025 सालीं सरन्यायाधीश झाले. त्यांनीहि 1985 ते 2003 अशी 18 वर्षें वकिली केली, तेव्हां उच्च न्यायालयाचें आसन मिळालें. ज्याच्या घरांत वकिली आहे त्यास कचेरी, पुस्तकें व पक्षकार आयते मिळतात. कुणब्याच्या पोरानें सनद घेतली, तर खोलीचें भाडें पहिल्या महिन्यापासून सुरू होतें, पक्षकार मात्र येत नाहीं. शेवटीं पोटासाठीं तो दुसरी नोकरी धरतो, आणि वर्षांची मोजणीच थांबते.

दुसरी अडचण निवडीची. पात्र असणें निराळें, निवडलें जाणें निराळें. 1993 च्या निकालापासून नांवें सुचविण्याचें काम वरिष्ठ न्यायाधीशांचें मंडळ, म्हणजे कॉलेजियम, करतें. त्याऐवजीं आयोग नेमण्याचा कायदा न्यायालयानें 2015 सालीं रद्द केला. न्यायाधीश स्वतंत्र असावेत, हें आम्हांस मान्य. पण निवडीची कसोटी लोकांस उघड कळावी, हेंहि न्यायास धरूनच आहे.

म्हणून सरकारनें व समाजांतील सधन मंडळींनीं होतकरू वकिलांस पहिलीं कांहीं वर्षें वेतन द्यावें. शिष्यवृत्ति पदवीपाशीं संपतां कामा नये. आणि मुलामुलींनो, सनद घेऊन अर्ध्या वाटेवरून परतूं नका. कलमानें दार उघडें ठेवलें आहे. तेथवर पोंचेपर्यंत तग धरा.