पावसाळ्याआधी दार पाहा

महाड-पोलादपूरकडचा वैशाखातला दमट उकाडा नुसता अंगाला नव्हे, दारालाही लागतो. हवेतली ओल पिऊन लाकूड फुगते, लोखंडी शटर गंजते. गाडीच्या खोलीचे दार अडू लागते आणि आपण म्हणतो, "असू द्या, बघू दिवाळीनंतर!"

पण २२ जुलै २०२१ आठवा. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. अशा वेळी अडलेले दार म्हणजे आत अडकलेली गाडी, कधी माणूसही.

तेव्हा मृगाआधी एवढे कराच. शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचा कोरड्या ब्रशाने झाडा. गंज घासून काढा नि गंजरोधक रंग द्या. खाचेत जाड ग्रीस भरू नका. धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. वरच्या स्प्रिंगला हात लावू नका. तिच्यात मोठा ताण असतो. ते मिस्त्रीचे काम.

लाकडी दाराची खालची कड रंगवायची राहून जाते, आणि तिथूनच लाकूड पाणी पिते. ती आधी रंगवा. भर पावसात फुगलेल्या दारावर रंधा मारू नका. थंडीत फट पडेल.

आणि गुरुजी, शाळेच्या दारांचीही एकदा परीक्षा घ्या : एकट्या माणसाला ते आतून उघडता येते ना?