माघातली जास्वंद

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



बाप्पापुढे आज जास्वंदीचा ढीग आहे. भाद्रपदात रामाकोन्यात कोणत्याही अंगणात जा, टोपलीभर फुलं मिळतील. पण माघातल्या गणेश जयंतीला एक फूल शोधावं लागतं. त्याबद्दलच आज दोन शब्द बोलणार आहे.

जास्वंद मुळची उष्ण प्रदेशातली. पारा १० अंशांखाली गेला की तिची वाढ थांबते. सातपुड्याच्या पायथ्याशी पौषात तो उतरतोच. पानं पिवळी पडतात, कळ्या न उमलताच गळतात. आपल्याला वाटतं, झाड उपाशी आहे.

माझं तेच चुकलं. आईनं लावलेली लाल जास्वंद मी एका डिसेंबरात छाटली, खत घातलं, रोज पाणी दिलं. दुपारच्या उन्हानं कोवळे फुटवे आले आणि एका रात्रीच्या पाल्यानं काळे पडले. मी झाड उपटायला निघालो. आईनं नखानं बुंध्याची साल खरवडली. आत हिरवं होतं. "झोपली आहे रे ती, मेली नाही," ती म्हणाली. झाड वाचलं, पुढच्या गणपतीला फुललंही.

तेव्हापासून आमच्याकडे दिवाळीनंतर खत बंद. माती वरून सुकली तरच पाणी, तेही सकाळी. पाल्याच्या रात्री शेतात हलकं ओलीत देतात, ते बरोबर आहे. ओली माती ऊब धरते. पण कुंडीत पाणी साचलं तर मुळं कुजतात. बुंध्याशी सोयाबीनचं कुटार पसरावं. कुंडी दक्षिणेकडच्या भिंतीला लावावी. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. चार काड्या रोवून त्यांवर संध्याकाळी पोतं टाकावं आणि सकाळी काढावं. छाटणी महाशिवरात्रीनंतरच, कारण फुलं नव्या फुटव्यांवर येतात. नर्सरीतल्या मोठ्या फुलांच्या संकरित जातींपेक्षा आपली गावठी एकेरी लाल जास्वंद जास्त काटक असते.

आपल्यापैकी काहींची मुलं परदेशात, बर्फाच्या गावी आहेत. त्यांनी रात्रीचा पारा १० अंशांवर येण्याआधीच कुंडी घरात, उन्हाच्या खिडकीशी घ्यावी. जमिनीत लावायची असेल तर तिकडे 'रोज ऑफ शेरॉन' नावाची जास्वंदीची बहीण मिळते. दक्षिण कोरियाचं ते राष्ट्रीय फूल. हिवाळ्यात तिची सगळी पानं झडतात, उणे २० अंशांच्या आसपासची थंडीही ती सोसते आणि उन्हाळ्याच्या शेवटी, नेमकी गणपतीच्या सुमारास, फुलते. आपल्यासारखा लालभडक रंग तिला नाही. जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं येतात. बाप्पा तीही गोड मानून घेईल.

माघात फूल मिळालं तर आनंदच. नाही मिळालं तर दूर्वा आहेतच. पण झाड उपटण्याआधी एकदा नखानं साल खरवडून बघा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!