गलीजवळचा खेळ

दिवाळी आटोपते, अंगण चोपून शेणानें सारवून तयार होतें, आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून मुलांच्या गोट्या बाहेर पडतात. अंगणाच्या कडेस टांचेनें एक लहानसा खळगा करावयाचा, ती गल. मुलगा गुडघा टेकून बसतो, डाव्या हाताचा आंगठा जमिनीस लावतो, मधल्या बोटाच्या टोंकाशीं गोटी धरून ती उजव्या हातानें मागें ओढतो, क्षणभर थांबतो आणि सोडतो. गोटी गलींत पडली तर त्याचें साधलें. वीतभर अलीकडे राहिली तर प्रतिपक्षाचें फावलें. हा मुलगा त्या क्षणीं जें करीत असतो तेंच साधण्यासाठीं जगांतील नामांकित खेळाडू वर्षानुवर्षें सराव करतात, आणि एखादे वेळीं तें न साधल्यामुळें हातचें पदक गमावतात. त्यांचा खेळ गोल्फ. त्या खेळांतील गलीजवळच्या भागासंबंधीं श्रोत्यांपुढें चार गोष्टी मांडावयाच्या आहेत.

महाडास किंवा पोलादपुरास गोल्फचें मैदान नाहीं. सह्याद्रीच्या या पायथ्याशीं जी थोडी सपाटी आहे ती भाताला लागते. वरंधा घाट चढून पुण्यास गेल्यास येरवड्यास असें मैदान आहे, नाशकास आहे, मुंबईस चेंबूरला आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालीं निघाला. महाडकरांना तें साल निराळ्या कारणानें पाठ आहे. कामधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईस गेलेल्या मंडळींपैकीं कोणी हौसेनें हा खेळ धरला असेल, त्यास पुढील विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग होईल. आणि ज्यांनीं तो कधींच पाहिला नाहीं त्यांनाही, गोटी हातांत धरलेली असल्यास, त्यांत अनोळखी असें फारसें कांहीं लागणार नाहीं.

खेळाचें स्वरूप थोडक्यांत असें. विस्तीर्ण मैदानावर अठरा गली असतात. प्रत्येक गलीसाठीं दूरच्या एका ठराविक जागेवरून आरंभ करून चेंडू काठीनें मारीत मारीत गलींत घालावयाचा. एकंदर टोले ज्याचे कमी तो जिंकला. चेंडूचा व्यास १.६८ इंचांहून कमी नसावा आणि गलीचा व्यास सव्वाचार इंच असावा, असा नियम आहे. गलीभोंवतालचें गवत गालिच्याप्रमाणें बारीक कापलेलें असतें. त्या जागेस ग्रीन म्हणतात. तेथें चपट्या तोंडाच्या काठीनें, म्हणजे पटरनें, चेंडू जमिनीवरून ढकलावयाचा असतो. मोठ्या मैदानावर अठरा गलींस मिळून बहुधा ७२ टोले हा चांगल्या खेळाडूचा हिशेब धरलेला असतो, आणि त्यांत प्रत्येक ग्रीनवर दोन ढकली गृहीत असतात. म्हणजे ७२ पैकीं ३६, बरोबर निम्मे, गलीच्या आसपास खर्च व्हावयाचे. अडीचशें यार्ड गेलेला टोलाही एकच मोजला जातो आणि हातभर अंतरावरून हुकलेली ढकलही एकच मोजली जाते.

असें असतांना नवखा मनुष्य सराव कशाचा करतो? लांब टोल्याचा. चेंडू आकाशांत उडाला कीं पाहणारे वाहवा करतात. दोन हातांवरून गलींत पडला तर कोणी मानही वळवीत नाहीं. बीजगणिताचीं अवघड उदाहरणें सोडवून वजाबाकींत गुण घालविणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेंत असतात, त्यांतलाच हा प्रकार.

ग्रीनवर पहिली गोष्ट वेगाची. बहुतेकांचें लक्ष दिशेकडे असतें आणि ढकल हुकली कीं ते दिशेलाच दोष देतात. परंतु लांबून ढकललेला चेंडू बाजूला जितका चुकतो त्याहून पुष्कळ अधिक तो पुढें किंवा मागें चुकतो. वेगानें आलेला चेंडू गलीच्या ऐन मध्यावरून गेला तरच आंत पडतो. कडेवरून गेला तर उडून पलीकडे जातो. मंद गतीचा चेंडू कडेला लागला तरी आंत लवंडतो. म्हणजे सव्वाचार इंचांची गल वेगवान चेंडूला लहान होते आणि मंद चेंडूला मोठी होते. मात्र इतकाही मंद नको कीं गलीपर्यंत पोंचूंच नये, कारण अलीकडे थांबलेला चेंडू गलींत पडल्याचें अद्याप कोणी पाहिलेलें नाहीं. गल चुकलीच तर चेंडू पलीकडे हातभर जाऊन थांबावा, असा वेग मनांत धरावा. अंतर फार असेल तेव्हां गलीचाही लोभ सोडून चेंडू तिच्या दोन हातांच्या परिघांत नेऊन ठेवण्याचाच विचार करावा.

दुसरी गोष्ट उताराची, आणि येथें पोलादपूरच्या शेतकऱ्यानें कोणाकडे शिकावयास जाण्याचें कारण नाहीं. ग्रीन सपाट दिसली तरी सपाट नसते. ती वाचण्याचा उत्तम उपाय असा कीं, येथें घागरभर पाणी ओतलें तर तें कोणीकडे वाहील, हें पाहावें. ज्यानें डोंगरउतारावर बांध घालून भाताचीं खाचरें बसविलीं, आणि वरच्या खाचराचें पाणी खालच्यांत कोठून सोडावें हें नुसत्या नजरेनें ठरविलें, त्याची दृष्टि या कामीं तयारच आहे. हें पाहणें गलीच्या खालच्या बाजूनें, शक्य तितकें वांकून करावें. वरून पाहिल्यास उतार लपतो. चेंडू जसजसा मंद होतो तसतसा तो उताराकडे अधिक वळतो. म्हणून खरें वळण गलीजवळच्या शेवटच्या चार-पांच हातांत असतें आणि तेवढा भाग बारकाईनें पाहावा. चढावर चेंडू निर्धास्त ढकलावा, उतारावर अंगण झाडल्यासारखा हळू. सकाळीं दंव असतें तेव्हां ग्रीन जड असते, दुपारीं हलकी होते. गवत ज्या बाजूस झुकलेलें असेल त्या बाजूस चेंडू लवकर धांवतो. त्या दिशेनें पाहिल्यास गवत चकाकतें आणि उलट बाजूनें पाहिल्यास काळसर दिसतें. वेग आधीं ठरवावा, वाट मागाहून. कारण वेग बदलला कीं वाट बदलते.

प्रत्यक्ष ढकलण्याची रीति साधी आहे. डोळे चेंडूच्या बरोबर वर असावेत, मनगटें स्थिर असावींत, आणि हात व काठी मिळून खांद्यांपासून झोंपाळ्याप्रमाणें हलावीं. झोंपाळा जितका मागें ओढावा तितका तो पुढें जातो. मध्येंच कोणी धक्का देत नाहीं. येथेंही अंतर कमी-अधिक करावयाचें तें काठी मागें कमी-अधिक नेऊन. हिसका देऊन नव्हे. काठी मागें फार न्यावयाची आणि ऐन वेळीं भीतीनें हात आखडावयाचा, हा दोष सर्वांत मोठा, आणि तो हाताचा नसून मनाचा आहे. चेंडू सुटल्यावर मान वर करण्याचा मोह होतो; मान उचलली कीं खांदा उचलतो आणि काठी वांकडी होते. जवळच्या अंतरावर चेंडू गलींत पडला कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहूं नये, कानांनीं ऐकावें.

ग्रीनच्या बाहेर चार-दोन पावलांवर चेंडू राहिला तर निराळा उपाय. तिरप्या तोंडाच्या लोखंडी काठीनें तो किंचित् उचलून ग्रीनच्या अलीकडच्या कडेवर टाकावयाचा आणि पुढें धांवूं द्यावयाचा. चेंडू हवेंत जितका कमी आणि जमिनीवर जितका अधिक, तितकी चूक कमी. गल पाहण्याऐवजीं चेंडू कोठें टेकावा ती जागा नजरेनें धरावी. वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या किंचित् पुढें, आणि काठी खालीं येतां येतां आधीं चेंडूस व मग जमिनीस लागावी. विटीदांडू खेळलेल्या माणसाची अडचण येथें होते. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूनें खालून कोलून उडविण्याची त्याच्या हातांस लहानपणची सवय. तीच तो चेंडूवर चालवितो. मग काठी एक तर जमिनींत रुतते, नाहीं तर चेंडूच्या डोक्यास लागून तो ग्रीनच्या पलीकडे सुसाट जातो. चेंडू उचलण्याचें काम काठीच्या तिरप्या तोंडाचें आहे; खेळणारानें तें आपल्याकडे घेऊं नये. वाळूच्या खड्ड्यांत मात्र चेंडूला मारावयाचेंच नसतें. त्याच्या मागें दोन बोटांवर वाळूंत काठी घालावी, वाळूच चेंडूला बाहेर फेकते. अमेरिकेच्या जीन साराझेननें १९३२ सालीं यासाठीं जाड तळाची खास काठी वापरली आणि त्याच वर्षीं ब्रिटिश ओपन जिंकली.

या गलीजवळच्या खेळानें काय साधतें, तें साऱ्या देशानें ७ ऑगस्ट २०२१ रोजीं पाहिलें. त्या सुमारास महाडचे लोक २२ जुलैच्या पुराचा गाळ उपसण्यांत गुंतले होते, तेव्हां इकडे कित्येकांना तो सामना पाहावयास सांपडला नसेल. टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें पुरुषांत पुण्याचे उदयन माने खेळले आणि स्त्रियांत बंगळूरची तेवीस वर्षांची अदिति अशोक. जागतिक क्रमवारींत तिचा नंबर २०० वा. नुकतीच ती कोरोनांतून उठली होती, आणि तिचा पहिला टोला पुढच्या रांगेंतील स्पर्धक मुलींच्या बराच मागें पडे. काठ्यांची पिशवी वाहावयास तिची आई. तरीही ही मुलगी चार दिवस पदकाच्या स्पर्धेंत राहिली ती केवळ ग्रीनवरच्या अचूकपणामुळें. इतर मुली दोन टोल्यांत जेथें पोंचत तेथें ती पोंचे मागाहून, आणि पटर हातीं आला कीं राहिलेलें अंतर भरून काढी. शेवटच्या गलीवर लांबची एक ढकल आंत पडणें जरूर होतें. ती गलीच्या बाजूनें निघून गेली. चार दिवसांचे तिचे टोले २६९. २६८ टोल्यांवर दोघी होत्या, त्या रौप्य आणि कांस्य पदकें घेऊन गेल्या. अदिति चौथी आली.

दुसरें उदाहरण समुद्रापलीकडचें आणि अधिक जुनें. दक्षिण आफ्रिकेंतील दरबान शहरीं बीचवुडच्या मैदानावर हिंदी वंशाचा एक गरीब मुलगा गोऱ्या खेळाडूंच्या काठ्या वाहत असे. त्याचें नांव सेवशंकर सेवगोलम. सारे त्यास पापवा म्हणत. खेळ तो पाहून पाहून शिकला. उजव्या हाताचा मनुष्य काठी धरतांना उजवा हात खालीं व डावा वर ठेवतो. पापवा नेमकें उलट धरी. गोल्फ शिकविणाऱ्यांनीं पहिल्याच दिवशीं मोडून काढावी अशी ती पकड. त्याच पकडीनें १९५९ सालीं त्यानें हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली, आणि पुढें १९६० व १९६४ सालीं पुन्हां जिंकली. १९६३ सालीं तो आपल्याच दरबान शहरीं नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकला. मैदानावर खेळण्याची परवानगी त्यास मिळाली होती. क्लबाच्या इमारतींत पाऊल ठेवण्याची नव्हती. पाऊस पडत होता. गोरे खेळाडू छपराखालीं होते आणि विजेत्यानें आपला चषक बाहेर पावसांत स्वीकारला. चवदार तळ्याच्या गांवीं ही गोष्ट अधिक उलगडून सांगण्याची गरज नाहीं. १९६५ सालीं त्याच स्पर्धेंत त्यानें जगप्रसिद्ध गॅरी प्लेयरला मागें टाकलें. त्यानंतर त्या देशाच्या सरकारनें त्याला स्पर्धाच बंद केल्या. १९७८ सालीं तो वारला. आज जॉर्डन स्पीथसारखे पहिल्या प्रतीचे खेळाडू ग्रीनवर डावा हात खालींच धरतात. त्यानें डावें मनगट वांकत नाहीं आणि पटरचें तोंड सरळ राहतें.

सरावाला मैदान लागत नाहीं. सारवलेलें अंगण, एक चेंडू, आडवी ठेवलेली वाटी आणि चपट्या तोंडाची कोणतीही काठी एवढ्यावर भागतें. घरांत सतरंजीवरही चालतें. आरंभीं वाटी ठेवूंच नये. सहा, बारा आणि अठरा हातांवर खडूनें रेघा ओढाव्या आणि चेंडू रेघेवर थांबवावा, पुढें नाहीं आणि मागें नाहीं. आठवडाभर एवढेंच केलें तरी वेळ वांया जात नाहीं. मग चेंडूच्या पुढें हातभर अंतरावर दोन नाणीं चेंडू जेमतेम जाईल इतक्या फटीनें ठेवून त्यांमधून तो काढावा, म्हणजे दिशा सुधारते. शेवटीं अंगणांत एक गल करून तिच्याभोंवतीं दोन हातांवर सहा ठिकाणीं खुणा कराव्या आणि ओळीनें सहाही ठिकाणांहून चेंडू आंत घालावा. एक चुकला कीं पुन्हां पहिल्यापासून. सहावा चेंडू मारतांना हात कांपूं लागतो. तो कंप ओळखीचा व्हावा म्हणूनच हा खेळ.

पावसाळ्याचे चार महिने इकडे अंगण हातीं लागत नाहीं. तेव्हां ओटीवर किंवा पडवींत घोंगडी अंथरावी. घोंगडीवर चेंडू अडखळत, जड चालतो, पहांटेच्या ओल्या ग्रीनसारखा. पुढें पाऊस उघडून अंगण पुन्हां सारवून झालें कीं तोच चेंडू त्याच जोरानें दुप्पट पळेल. म्हणून त्या दिवशीं वाटी बाजूला ठेवावी आणि खडूच्या रेघांपासून पुन्हां आरंभ करावा.